पाच लिटरला एक बूच

१२ जानेवारी, सोमवार

अर्ध्या लिटर पेट्रोलची खरी किंमत आज मांडून पाहिली. निवृत्त पोस्टमास्तरांनी गवत कापायचं यंत्र आठ महिने कोपऱ्यात उभं ठेवलं, टाकीत अर्धा लिटर पेट्रोल तसंच. त्या पेट्रोलची किंमत किरकोळ. पण ते आटून कार्बोरेटरमध्ये डिंक झाला. तो सोडवायला माझे दोन तास गेले. मधल्या काळात मास्तरांच्या अंगणात गवत गुडघ्याला लागलं. गवतात साप निघाला म्हणून सून माहेरी गेली, आणि सून माहेरी गेली म्हणून मुलगा रोज बापावर खेकसतो. एवढं सगळं अर्ध्या लिटरमध्ये. उपाय काय होता, तर यंत्र ठेवून द्यायच्या आधी टाकीत बूचभर औषध.

औषध म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळायचं द्रव्य. साडूने नुकतीच त्याची एजन्सी घेतली आहे. निळी बाटली, पाच लिटरला एक बूच. पेट्रोल शिळं होत नाही, साचलेला डिंक हळूहळू सुटतो. साडूने आजवर गाद्या विकल्या, विमा विकला, पाणी गाळायची यंत्रं विकली. त्याच्या मालातली मला कळणारी ही पहिलीच वस्तू. बाटल्यांच्या खोक्याबरोबर त्याने ही डायरी फुकट दिली. दर पानाच्या तळाशी बाटलीचं चित्र आहे. कोरी वही वाया घालवणं माझ्या रक्तात नाही, म्हणून लिहितो आहे.

सुरुवात केलीच आहे तर स्वतःबद्दलही लिहून ठेवतो. सातवीत शाळा सुटली, आणि दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये रॉकेलमध्ये नट धुण्यापासून सुरुवात केली. आज एकतीस वर्षं स्वतःची शेड आहे. जनरेटर, पाण्याचे पंप, मोपेड, होडीची इंजिनं, लहान इंजिन असलेलं काहीही. माझ्यापेक्षा चांगली हत्यारं असणारे पुष्कळ आहेत. माझ्यासारखे कान असणारा कोणी नाही. लोक मला ‘कानवाले’ म्हणतात ते उगाच नाही. दुरुस्त झालेलं इंजिन चालू करायचं, मी त्याच्याकडे पाठ करून स्टुलावर बसायचं, डोळे मिटून शंभर आकडे मोजायचे. पसंत पडलं तर टाकीवर खडूने खूण. खूण नसेल तर इंजिन शेडबाहेर जात नाही. पूर्वी वर्षाकाठी एखाददुसरं परत यायचं. गेल्या सहा वर्षांत खूण केलेलं एकही इंजिन परत आलेलं नाही. माणसाचे डोळे वयाबरोबर जातात. कान पिकत जातात.

थोरली शेडमध्येच असते. तिचा कारखाना बंद पडला तेव्हा चार दिवस मदत करते म्हणून आली, त्याला आता सहा वर्षं झाली. हात चांगला आहे. खोड एकच, मी खूण केली तरी गाडी किंवा इंजिन ‘एक फेरी मारून आणते’ म्हणून घेऊन जाते, मागच्या आवारात तासतासभर असते. पेट्रोल काय नळाला येतं? पण लेक आहे, फार बोलत नाही.

१९ जानेवारी, सोमवार

आज मी थक्क झालो, आणि या धंद्यात थक्क व्हायची माझी सवय सुटून जमाना झाला.

संगीताच्या बाई आहेत, त्यांची जुनी मोपेड. चढावर इंजिन किणकिणतं, अशी त्यांची तक्रार. इंजिन दमलं की आत पेट्रोल अवेळी पेटतं आणि बारीक आवाज येतो, डब्यात टाचण्या हलवल्यासारखा. मी कार्बोरेटर झाडलं, टाकीत मापाने औषध घातलं, गाडी स्टँडवर लावून मागचं चाक फळीने दाबून भार दिला आणि पाठ करून बसलो. टाचणी नाही. दोनशेपर्यंत मोजलं. इंजिन मांजरासारखं घुरघुरत होतं, बाकी काही नाही.

थोरली म्हणाली, “बाबा, थोडं आहे अजून.”

“काय आहे?”

“किणकिण. भार दिला की येते.”

“तुझ्या कानात अजून कारखाना वाजतोय,” मी म्हणालो. बाई हसल्या. त्या गाणं शिकवतात, त्यांनी काही ऐकलं असतं तर बोलल्या असत्या. पण त्या तेव्हा फोनवर होत्या हेही खरं.

संध्याकाळपर्यंत आणखी दोन जनरेटर तपासले. दोन्हीत औषध, दोन्ही गप्प. टॅपेटची टिकटिकसुद्धा नाही. टॅपेट तर झडपा उघडणारे दांडे, त्यांची फट औषधाने कशी बुजेल? बुजणार नाही हे मला कळतं. पण कानांनी ऐकलं ते नाकारू कसं? माझा जन्म त्यावर गेला.

साडूला फोन केला. तो म्हणाला, “दादा, बाटलीवर एवढं लिहिलेलं नाही हो.” विकणारा आपल्या मालाबद्दल कमी बोलतो, हेही आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

२७ जानेवारी, मंगळवार

सहा डझन बाटल्या घेतल्या. शेडची नवी पद्धत ठरवली. साधी किणकिण, टिकटिक असेल तर आधी इंजिन खोलायचं नाही. औषध घालायचं, तासभर चालवायचं, ऐकायचं. गिऱ्हाईकाचे दिवस वाचतात, माझी कंबर वाचते. आणि फेऱ्या बंद.

फेऱ्यांवरून थोरलीशी खटका उडाला.

“मी माझ्या वेळेत मारते,” ती म्हणाली.

“पेट्रोल कुणाच्या वेळेतलं?”

“पेट्रोलचे पैसे माझ्यातून कापा.”

“प्रश्न पैशांचा नाही. माझी खूण झाल्यावर तू परत तपासतेस, गिऱ्हाईकाने पाहिलं तर काय म्हणेल? म्हाताऱ्यावर त्याच्या पोरीचाच भरवसा नाही.”

ती काहीतरी म्हणाली. काय ते कळलं नाही. हल्ली ती शब्द खाते. पस्तिशीची बाई, आणि बोलते शाळेतल्या मुलीसारखी तोंडातल्या तोंडात. मी “काय?” म्हटलं तर “काही नाही” म्हणून गेली. फेऱ्या बंद झाल्या, एवढं खरं.

२ फेब्रुवारी, सोमवार

घरी कुकरची शिट्टी बिघडली आहे. मी ओट्याजवळ पेपर वाचत बसलो होतो, ही आंघोळीला गेली होती, ‘तीन झाल्या की बंद करा’ सांगून. एकही झाली नाही, आणि भाजी करपून कोळसा. मी शिट्टी काढली, कार्बोरेटरच्या तारेने साफ केली. तारेला काही लागलं नाही. ही माझ्याकडे बघत राहिली, भांडली नाही. सदतीस वर्षांच्या संसारात भाजी करपल्यावर ती भांडली नाही असं आज प्रथमच घडलं. मायलेकी हल्ली कुजबुजतात, मी आलो की गप्प होतात. थोरलीच्या मनात लग्नाचं असावं. असेल तर चांगलंच आहे, मी कधी आडवा आलो होतो?

शेडमागच्या झाडावर चिमण्या राहिल्या नाहीत. धुरामुळे असणार.

९ फेब्रुवारी, सोमवार

नदीवरचा नावाडी इंजिन घेऊन आला. माणूस दिवसाला वीस खेपा मारतो, कामावर जाणाऱ्या बाया, शाळेची पोरं, पलीकडच्या भाजीच्या टोपल्या. होडीच्या मागे लावायचं लहान इंजिन, भरली होडी ओढताना वाजतं म्हणाला.

“कसं वाजतं?”

“कुणी काचेवर नख मारल्यासारखं.”

पाण्याच्या टाकीत लावून चालवलं. मी पाठ करून बसलो. नख नाही, काच नाही. औषध मापाने घातलं, परत ऐकलं. गप्प.

थोरली हातातला पाना ठेवून जवळ आली. “बाबा, हे खोलूया. आतलं जेट, पेट्रोल यायचं भोक, अर्धं बुजलंय असं वाटतं. पेट्रोल कमी पडतंय त्याला. भरल्या होडीला पिस्टन तापेल.”

“वाटतं? तुला वाटतं, मला ऐकू येतं. फरक आहे.”

“मला पण ऐकू येतंय. तेच सांगतेय.”

नावाडी एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होता. गिऱ्हाईकासमोर वाद म्हणजे आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी म्हणालो, “एकतीस वर्षं मी या स्टुलावर बसतोय. खोलायचं तर दोन दिवस जातील. यांच्या खेपा कोण मारणार, तू?”

नावाडी म्हणाला, “कानवाल्यांनी सांगितलं म्हणजे झालं. मला खूण द्या, मी जातो.”

खूण दिली. समोरचा न्हावी त्याच्या दुकानाच्या दारात हात पुसत उभा होता, म्हणाला, “आज फार किरकिरत होतं हो काहीतरी.” मी म्हणालो, “तुझी कात्री असेल, तेल घाल.” तो हसला. थोरली हसली नाही. दिवसभर माझ्याशी कामापुरतं बोलली.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

संगीताच्या बाईंची मोपेड परत आली. ढकलत आणली त्यांनी, उन्हात, घामाघूम. पिस्टनच्या रिंगा चिकटल्या, इंजिन जाम.

परत आलेल्या टाकीवरची माझी खूण मी बघत राहिलो. सहा वर्षांत पहिली. बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, “आवाज गेलाच नव्हता तसा. मला वाटलं, तुम्ही पास केलंय म्हणजे माझाच भास.”

दुपारी दवाखान्याचा जनरेटर, तोही परत. टॅपेट मोकळा झालेला. एका दिवसात दोन. जेवण गेलं नाही.

बाईंनी भलतीकडून पेट्रोल भरलं असणार. दवाखान्याच्या माणसाने तेल बघितलं नसणार. नसणार म्हणजे नसणारच. पण दोघांचं एकाच दिवशी?

थोरलीने दोन्ही इंजिनं खोलायला घेतली. ‘मी सांगितलं होतं’ हे तीन शब्द ती म्हणेल म्हणून मी दिवसभर वाट बघत होतो. म्हणाली नाही. म्हणाली असती तर मला ओरडता आलं असतं.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

शेड लवकर बंद करून लिहायला बसलो.

सकाळी आठच्या खेपेला होडीचं इंजिन नदीच्या मधोमध थांबलं. होडीत अकरा माणसं, त्यांत चार शाळेची पोरं. पाणी बंधाऱ्याकडे ओढणारं. नावाड्याने वल्ही काढली, पण भरली होडी दोन वल्ह्यांना ऐकत नाही. वाळूवाल्यांची नाव वाटेत होती म्हणून. त्यांनी दोर फेकला. बंधारा तिथून दोनशे हात राहिला होता. दोर पकडताना एका बाईचा हात दोरात आणि होडीच्या काठात सापडला, मनगटाच्या वर मोडला. ती शिवणकाम करते. उजवा हात.

नावाडी इंजिन हातगाडीवर घालून दहा वाजता शेडमध्ये आला. शिव्या दिल्या नाहीत. गाडीवरून इंजिन उतरवलं, बाकावर ठेवलं आणि म्हणाला, “कानवाले, पोरं रडत पण नव्हती हो. नुसती बघत होती.” एवढं म्हणून बाकावर बसला आणि बसूनच राहिला.

थोरलीने माझ्यासमोर इंजिन खोललं. पिस्टनच्या माथ्याला भोक. करंगळी जाईल एवढं, कडा वितळलेल्या. मी करंगळी घालून बघितली. अशी भोकं मी पाहिली आहेत, दुसऱ्यांच्या शेडमधून आलेल्या इंजिनांत. दुसऱ्यांच्या. जेट अर्धं बुजलेलं होतं.

पंधरा दिवसांपूर्वी हे इंजिन वाजत होतं तर मला का ऐकू आलं नाही? आवाज होताच कुठे. आवाज औषधाने दाबला. खोकल्याच्या औषधाने खोकला दबतो आणि छाती आतून सडते, तसं. दुसरं काही असूच शकत नाही.

त्या बाईच्या घरी जाऊन आलो. प्लास्टर बघितलं. तिने खुर्ची दिली, डाव्या हाताने पाणी दिलं. मी काय बोललो आठवत नाही.

२५ फेब्रुवारी, बुधवार

साडू सकाळी स्वतःच आला, होडीचं ऐकून. दारातच त्याला धरला.

“काय भरतोस बाटल्यांत? रॉकेल आणि रंग?”

“दादा, कंपनीचं सील असतं. मी बूचसुद्धा उघडत नाही.”

“मग कंपनी चोर, आणि तू चोराचा हमाल.”

“डिंक सुटतो, पेट्रोल टिकतं, एवढंच मी सांगितलं,” तो म्हणाला. “आवाज जातो असं मी कधी म्हटलं? तुम्हीच फोन करून मला सांगितलंत. मी तुमच्या जोरावर चार दुकानांत तसं सांगत सुटलो.”

“चोराच्या उलट्या बोंबा,” मी म्हणालो. उरलेल्या बाटल्यांचं खोकं त्याच्या स्कूटरवर आपटलं, दोन फुटल्या. रस्ताभर निळं पाणी. न्हाव्याची गिऱ्हाइकं तोंडाला फेस लावून बघायला बाहेर आली. साडू काच वेचायला लागला. मोठा माणूस, खाली बसून रस्त्यावरची काच वेचतोय, कुणाच्या टायरला लागू नये म्हणून. मी आत निघून आलो.

संध्याकाळी मेहुणीचा हिला फोन आला. ही फोनवर रडली. माझ्याशी बोलणं बंद. थोरली म्हणाली, “बाबा, काकांचा दोष नाहीये.”

“मग कुणाचा? तुझा?”

तिने फडक्याला हात पुसले. मग म्हणाली, “माझाही आहे.” मी विचारलं नाही, का ते.

२८ फेब्रुवारी, शनिवार

जे झालं ते झालं तसं लिहितो, नाहीतर उद्या मीच त्यात फेरफार करीन.

साडूचा माल खोटा हे सिद्ध करायचं मी ठरवलं. हातच्या काकणाला आरसा कशाला. कामासाठी आलेले दोन जनरेटर होते, एकाच बनावटीचे, एकाच वयाचे. दोन्ही चालू केले की बारीक टिकटिकतात, असं मालकाने चिठ्ठीवर लिहून दिलेलं. फळीवर राहून गेलेली एक बाटली थोरलीला दिली. म्हणालो, “मी बाहेर थांबतो. दोहोंतल्या एकात घाल, कशात ते सांगू नकोस. मग एकेक करून चालव. ज्यात आवाज दबेल त्यात औषध. मी ओळखतो, तू कागदावर लिहून ठेव, आणि तो कागद मी साडूच्या तोंडावर मारतो.”

ती म्हणाली, “बाबा, हे नको करूया.” मी म्हणालो, “कर.”

तिने आत जाऊन काय करायचं ते केलं. मी येऊन पाठ करून बसलो. पहिला चालू झाला. डोळे मिटून शंभर. गप्प. “यात आहे,” मी म्हणालो. दुसरा चालू झाला. शंभर. हाही गप्प. परत पहिला, परत दुसरा.

“तू दोन्हीत घातलंस,” मी म्हणालो.

“नाही.”

“मग दोन्ही गप्प कसे?”

तिने बाटली माझ्या हातात दिली. सील न तोडलेलं. “एकातही नाही घातलं, बाबा.”

मी वळलो. दुसरा जनरेटर चालूच होता. तिने पाना घेतला, तो बंद केला, झाकण काढलं, माझ्या डोळ्यांदेखत टॅपेटची फट आणखी मोकळी केली आणि पुन्हा चालू केला. मी ऐकत होतो. इंजिनाची घरघर छान ऐकू येत होती, रस्त्यावरचा ट्रक ऐकू येत होता, पलीकडच्या दुकानात कोणी गडी हसत होता तोही. आणि समोरून न्हावी वस्तरा हातात घेऊन रस्ता ओलांडून आला, कपाळाला आठ्या.

“अहो, बंद करा ना ते,” तो म्हणाला. “किती वेळ टकटक, टकटक. माझा हात हलेल, कुणाचा कान जाईल.”

मी हात पुढे केला आणि इंजिनाच्या झाकणावर ठेवला. तळहाताला लागत होतं. टिक, टिक, टिक, टिक. हाताला स्पष्ट, मोजता येईल इतकं. कानाला काही नाही.

थोरलीने इंजिन बंद केलं. न्हाव्याने माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि परत गेला.

मी म्हणालो, “कानात मळ असेल.”

ती म्हणाली, “असेल. दाखवून येऊ.”

१ मार्च, रविवार

शेड बंद. ही चहा घेऊन आली आणि जवळ बसली. चार दिवसांनी बोलली. “कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या आत्ता,” म्हणाली. मी मान हलवली.

४ मार्च, बुधवार

कानाच्या डॉक्टरांनी नळीतून आत बघितलं आणि म्हणाल्या, “स्वच्छ आहेत. मळ वगैरे काही नाही.” मी आयुष्यात पहिल्यांदा माझे कान घाण असावेत अशी आशा धरून गेलो होतो.

मग काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर डबे लावले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. सुरुवातीचे जाड आवाज आले, पटापट दाबले. मग बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं यंत्र बंद पडलं. काचेपलीकडची मुलगी खाली मान घालून एकेक कळ दाबत होती, दाबतच होती, आणि माझ्याकडे बघत नव्हती. मी हाताने खूण केली, बंद पडलंय म्हणून. तिने मान हलवून सांगितलं, चालू आहे.

डॉक्टरांनी आलेख काढला. रेघ सरळ चालत येते आणि मग एकदम जिन्यावरून पडल्यासारखी खाली. जाड आवाज ठीक. बारीक सगळे गेले, दोन्ही कानांचे. चिमण्या, शिट्ट्या, बायकांचं न् पोरांचं निम्मं बोलणं.

“काम काय करता?”

सांगितलं. पत्र्याच्या शेडमध्ये जनरेटर, एकतीस वर्षं.

“कानाला कधी काही लावलंत?”

“कानाला लावलं तर ऐकणार कसं?” मी म्हणालो. त्यांनी ते लिहून घेतलं नाही.

विचारलं, परत येतील का. म्हणाल्या, गेलेलं येत नाही, यंत्राने बोलणं बरं ऐकू येईल. विचारलं, अचानक कसं झालं. म्हणाल्या, “अचानक नाही. एका दिवसात असं होत नसतं. वर्षानुवर्षं जात असतं, माणसाला कळत नाही. शब्दांचा अंदाज लागतो, ओठ बघून कळतं, चालून जातं.”

घरी येताना थोरली मुद्दाम सावकाश, माझ्याकडे तोंड करून बोलत होती. ती शब्द खात नव्हती तर.

संध्याकाळी साडूकडे गेलो. दार त्यानेच उघडलं. बोटाला पट्टी, काच लागलेली. मी म्हणालो, “तुझा माल चोख आहे. खोटा मीच निघालो.” कागद दाखवला. त्याने आलेख बघितला आणि म्हणाला, “दादा, त्या चार दुकानदारांना आता काय सांगू?”

“मी सांगतो,” म्हणालो. “डिंकाला आणि साठवणीला, पाच लिटरला एक बूच. बाकी कशालाही नाही.”

मेहुणीने चहा आणला. पण साखर विचारली नाही, कपबशी आदळली. तेवढं मला ऐकू आलं.

१० मार्च, मंगळवार

होडीच्या इंजिनात नवा पिस्टन, नव्या रिंगा, नवं जेट. सगळं थोरलीने केलं, खर्च शेडचा. आज नदीवर जाऊन बसवलं. तिने भरली होडी पाहिजे म्हणून वाळूची पोती टाकायला लावली आणि बंधाऱ्यापासून लांब, काठाकाठाने तीन फेऱ्या मारल्या. मी होडीत बसलो होतो. दरवेळी ती पेचकसाचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ऐकायची. मग प्लग काढून त्याचा रंग बघितला आणि नावाड्याला म्हणाली, “चालवा. पंधरा दिवसांनी आणा, परत खोलून बघते.”

नावाडी माझ्याकडे वळला. “कानवाले, खूण?”

हा माणूस अजून माझी खूण मागतो. अकरा जीव बंधाऱ्याकडे गेले तरी मागतो. मी म्हणालो, “मला ऐकू येत नाही. तेव्हाही आलं नव्हतं. माझ्या खुणेला काही अर्थ नाही.”

त्याला तो विनोद वाटला, हसला. मग थोरलीचं तोंड बघून हसू गेलं.

“तेव्हाही म्हणजे?”

“म्हणजे ती खरं सांगत होती आणि मी तुझ्यासमोर तिला गप्प केलं.”

त्याने दोर सोडता सोडता हातातच धरून ठेवला. “आणि त्याच्या आधी? मी आठ वर्षं तुमच्याकडे येतोय. माझं एक इंजिन कधी परत आलं नाही.”

डॉक्टर ‘वर्षानुवर्षं’ म्हणाल्या तेव्हापासून मीही तेच स्वतःला विचारत होतो आणि विचारून झालं की दुसऱ्या कामाला लागत होतो. नावाडी पहिली खेप घ्यायला गेला. बाया चढल्या, टोपल्या चढल्या. शाळेची पोरं चढली नाहीत, ती पुलावरून लांबच्या वाटेने गेली.

चढ चढून वर आलो. मी थांबलो, थोरलीलाही थांबवलं, तिचं तोंड दिसेल असा उभा राहिलो.

“मागच्या आवारात तू तासतासभर काय करायचीस?”

“फेरी मारायचे.”

“आणि?”

ती हातातल्या पेचकसाकडे बघत होती. मी म्हणालो, वर बघून बोल, मला ओठ दिसू देत. तिने वर बघितलं.

“खोलायचे. वाजत असेल ते नीट करायचे. मग परत तुमची खूण तशीच ठेवून आणायचे.”

“आईला ठाऊक होतं?”

“हो.”

“मला का नाही सांगितलं?”

“सांगणार होते. तुम्ही लोकांना सांगत असायचात, एकही परत येत नाही म्हणून. रोज सांगायचात. मग उद्या सांगू, परवा सांगू.” तिने पेचकस पिशवीत टाकला. “फेऱ्या बंद केल्यात तेव्हा सांगायलाच हवं होतं. तेवढं माझं चुकलं. त्या शिवणवाल्या बाईंच्या मोडलेल्या हाताचा दोष माझ्याही माथ्यावर आहे.”

खालून होडीचा आवाज येत होता, मला ऐकू येतो तेवढा. मी विचारलं, अशी किती इंजिनं.

तिने थोडा विचार केला. महिन्याला चार-पाच, म्हणाली. पहिल्या वर्षापासून.